नववा डाव संपू दे

२९ डिसेंबर

चर्चमधल्या इंग्रजीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, इंग्रजीत. माझ्याकडे इंग्रजीच्या चारच ओळी आहेत आणि चारही माशांच्या आहेत. तेव्हा आपल्याच भाषेत लिहितो. बाईंना दाखवायचं काही कारण नाही.

बातमी एकच. बेसबॉलमध्ये आमच्या बंदराचे पेलिकन पहिल्या चारांत आले! आता चौघं एकमेकांशी खेळणार आणि वरचे दोघं अंतिम मालिकेत जाणार. आमचं बंदर शेवटचं जिंकलं तेव्हा मी जन्मलोसुद्धा नव्हतो. पापानं त्या दिवशी कपड्यांसकट समुद्रात उडी मारली आणि डावा बूट हरवला. उजवा अजून घरात खिळ्याला टांगलाय. पुन्हा जिंकलो की हाही समुद्रात टाकीन म्हणतो. बुटाला बुरशी आली, पापाचं म्हणणं बदललं नाही.

इथे परदेशात, लॉरेन्सला, माशांच्या कारखान्यात आल्यापासून आमची रीत ठरलीय. सामना लागला की पापा आमच्या गल्लीतल्या बोलोच्या दुकानात फोन साखरेच्या डब्याला टेकवून टीव्हीसमोर ठेवतो. मला अर्धा पडदा दिसतो आणि पापाचा एक कान. चेंडू दिसत नाही. तो पापा सांगतो.

“काय रे कॅचर, मासे काय म्हणतायत?”

“गप्प आहेत.”

“तुझ्यापेक्षा शहाणे. बघ, आला बघ आपला पिचर.”

हरलो, ४-१.

२ जानेवारी

हरलो. तीन झाले ओळीनं. काल पाचव्या डावात माझा फोन गारठ्यानं बंद पडला, तेवढ्यात आमच्या दोन धावा झाल्या. फोन लागला आणि लगेच राजधानीवाल्यांनी तिघांना घरी पोचवलं, तीन धावा. बोलो काउंटरमागून पापावर ओरडला, “रादामेस, ते पोरगं बंद कर! फुकू आहे ते, फुकू!”

अख्खं दुकान हसलं. आमच्याकडे पनवतीला फुकू म्हणतात. कोणाच्या येण्यानं दूध नासतं, कोणाच्या बसण्यानं सामना जातो. असा माणूस एकदा ठरला की ठरला.

मीही हसलो. पापा हसला नाही. पापा विचार करत होता, ते मला कानावरूनसुद्धा कळतं.

३ जानेवारी

फोन केला नाही. मुद्दाम. ७-२ नं जिंकलो!

मग पापाचाच फोन आला. घरून, पलंगावरून. डाव्या पायाला पट्टी होती. म्हणाला, नव्या चपलेनं टाच सोलली, तुझी बहीण यानेली उगाच बोंबलते. डॉक्टर काय म्हणाला विचारलं, तर म्हणे डॉक्टर राजधानीवाल्यांचा आहे, त्याचं काय ऐकायचं.

“ऐक विल्किन,” म्हणाला, “हंगाम संपेपर्यंत फोन करू नकोस.”

“पापा, तुम्हीपण?”

“मी नाही म्हणत. आकडे म्हणतात. तू असलास की हरतो, नसलास की जिंकतो. थोडेच दिवस. एवढं करशील ना बापासाठी?”

हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग डोक्यात गेलं.

बापासाठी काय काय केलं ते लिहून ठेवतो. तेरा वर्षांचा होतो तेव्हा शाळा सोडवली यांनी. म्हणाले, दप्तर काय करायचंय, तुझे हात बघ, हे कॅचरचे हात आहेत. पाच वर्षं अकादमीत गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांचे चेंडू झेलले. मग कोपर गेलं आणि एका सकाळी पिशवी हातात देऊन बसस्टॉप दाखवला. घरी आलो तर पापा दारात उभे. पिशवी घेतली आणि म्हणाले, “नशीबच खोटं तुझं.” कोपर नाही, नशीब. म्हणजे बोलोनं आज नवीन काही सांगितलं नाही.

ज्या टीव्हीवर घरी बातम्या बघतात तो माझ्या घामाचा आहे. मासा कापून कापून बोटं सोलली ती माझी. आणि पनवती मीच. घरी जायचं तर विमान रोज आहे. परत येता येत नाही, कागद नाहीत. फोन तेवढा होता.

बसा आता टीव्हीसमोर. नाही करत.

६ जानेवारी

जिंकलो. आज तीन राजांचा सण. सणाला तरी बोलावं म्हणून केला फोन. सामन्याच्या आधी, मुद्दाम. पापानं नाही, यानेलीनं उचलला.

“अरे देवा. तुला सांगितलंय ना पापानं?”

“सामना सुरू व्हायचाय अजून. दे त्यांना.”

“नाही देत. झोपलेत.”

“दुपारी?”

“दुपारी. विल्की, ऐक जरा, ठेव.”

मागे भोंग्यावर कोणीतरी नावं पुकारत होतं. विचारलं, कुठे आहेस? म्हणाली, नगरपालिकेत, पोरांना सणाची खेळणी वाटतायत. हिला ना पोर ना बाळ. शेजारच्यांसाठी गेली असेल. यानेली तशीच आहे, लोकांच्या रांगेत उभी राहील. पण मग पापा झोपलेत हे हिला नगरपालिकेत बसून कसं कळलं? असो. आई गेल्यापासून तिलाच सगळं कळतं.

संध्याकाळी तिचा मेसेज. “जिंकलो. पापा खूश.”

मी माझ्या सणाला सार्डिनचा डबा फोडला.

८ जानेवारी

चूक माझीच. चिचोच्या सलूनमध्ये मीच तोंड उघडलं.

चिचो आमच्याच बंदराचा. त्याच्या सलूनमध्ये मोठा टीव्ही आहे आणि सामना असला की कोणी केस कापत नाही, नुसते खुर्च्यांत बसतात, मानेला फडकी बांधून. मी हसू येईल म्हणून सांगितलं की बाबांनो, आमच्या बापानं मला फुकू ठरवलंय. कोणी हसलं नाही. दॉन तातिको, म्हातारा, डोक्यावर संघाची टोपी शिवून घेतल्यासारखी बसलेली, त्यानं टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक धाव मागे होतो.

“पोरा,” म्हणाला, “राग मानू नकोस. जरा बाहेर उभा राहतोस?”

“बाहेर बर्फ पडतोय, दॉन तातिको.”

“दिसतंय मला.”

चिचोनं मला स्वतःचा कोट दिला आणि दार लावून घेतलं. काचेतून बघत होतो तर आतून ओरडला, “तोंड तिकडे! रस्त्याकडे!” रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेत तरी भिंतीकडे करायला लावायचे, भिंत निदान वारा अडवते.

आतून आरोळी आली. जिंकलो. दार उघडून सगळे बाहेर आले आणि मला उचललं. मला! दहा मिनिटांपूर्वी कुत्र्यासारखा बाहेर काढलेला, आता खांद्यावर. चिचो म्हणाला, “पुढच्या सामन्यालाही ये हं. वेळेवर ये. बाहेर उभं राहायला.”

११ जानेवारी

जिंकलो. ५-३. आता डोंगरवाल्यांच्या बरोबरीनं दुसऱ्या जागेवर.

पहिल्या डावापासून बाहेर उभा होतो. दॉन तातिको मध्येच तळलेली केळी आणि सलामीच्या चकत्या घेऊन आला, खा म्हणाला, तुझ्यावर आहे सगळं. येणारेजाणारे विचारतात, हा इथे का? आतून सांगतात, तो आमचा फुकू. हल्ली अभिमानानं सांगतात.

आठव्या डावात दोन धावांनी पुढे होतो तेव्हा पापाची फार आठवण आली. का कोण जाणे. वाटलं, आत्ता त्यांचा कान बघावा. फोन काढला, बोट पापाच्या नावावर होतं. नाही दाबलं. इतकी अक्कल मलाही आहे. घालवला असता सामना तर जन्मभर ऐकवलं असतं.

पाय गारठले, पण जिंकलो. पापा, बघताय ना, तुमचा पोरगा किती कामाचा आहे ते. नसला की.

१३ जानेवारी

यानेलीचा फोन, आपणहून. घसा पार बसलाय. म्हटलं, किती ओरडलीस ग बाई? म्हणाली, हो, ओरडले. पांढरा ब्लाउज घातला होता, केस बांधलेले. सामना जिंकून देणारे कपडे बदलायचे नसतात, तसलं काहीतरी असणार.

“पापा कसे आहेत?”

“आता बरंय त्यांना. दुखत नाही आता.”

“दे ना. अर्धा मिनिट. सामना उद्या आहे.”

ब्लाउजची बाही ओढत राहिली. मग म्हणाली, “हंगाम संपू दे, विल्की. तूच शब्द दिलायस ना.”

बघा, ही पण. शब्द पाळणारा मी आणि आठवण करून देणारे हे. जेवलास का, अंगात गरम घालतोस का, असलं काहीबाही विचारत राहिली. ही बाई मला कधी जेवलास का विचारत नाही. फोन ठेवेना. शेवटी मीच ठेवला.

१५ जानेवारी

बोलोच्या बायकोनं घरासमोरचा व्हिडिओ टाकला होता, लगेच काढूनही टाकला, पण मी बघितला. आमच्या दारात ताडपत्रीचा मांडव! भाड्याच्या पांढऱ्या खुर्च्या! अख्खी गल्ली बसलीय. पुरुष डोमिनो खेळतायत, बायका कॉफी वाटतायत. म्हणजे पापानं टीव्ही रस्त्यावर काढला आणि सामना गावजेवणासारखा मांडला.

माझ्याशिवाय.

एकच कळलं नाही, कोणी ओरडत नव्हतं. सामना अडकला असेल. अशा वेळी आमच्याकडे श्वाससुद्धा सोडत नाहीत. पापा दिसले नाहीत, आत असतील टीव्हीला नाक लावून. मीही इथे श्वास धरून बघत होतो, आणि मग इतका राग आला की फोन माशांच्या पाण्यात टाकणार होतो. खुर्च्या कोणी भरल्या भाड्याच्या? माझ्याच पैशांच्या असणार. पनवतीचे पैसे चालतात.

१६ जानेवारी

हरलो. मी बाहेर होतो तरी हरलो. आता कोणावर घालतील?

आज चिचोचं काहीतरी बिनसलंय. मी गेलो, कोट मागितला, तर म्हणतो, “आज आत बस.”

“वेड लागलं का? बरोबरीत आहोत.”

“थंडी फार आहे.”

“परवा कमी होती?”

दॉन तातिको खाली बघत होता. मला वाटलं, हे मला आत बसवणार आणि हरलो की खापर माझ्यावर फोडणार. मी कोट ओढून घेतला आणि बाहेर गेलो. पापाला दिलेला शब्द आहे, यांना काय. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. एकदा मागे वळून बघितलं तर सगळे टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते.

१८ जानेवारी

जिंकलो. पुन्हा बरोबरीत. परवा शेवटचा सामना, समोर डोंगरवालेच. जो जिंकेल तो अंतिम मालिकेत, हरला तो घरी.

परवा हंगाम संपला की पहिला फोन. काय बोलायचं ते ठरवलंय. जिंकलो तर म्हणणार, बूट टाका आता. आणि हरलो तर म्हणणार, बघा, मी नव्हतो, आता कोण पनवती ते सांगा.

खरं सांगायचं तर हरण्याचीही थोडी वाट बघतोय. देव क्षमा करो.

२० जानेवारी

वेळेवर गेलो. कोट मागितला नाही, दोन स्वेटर घालूनच गेलो होतो. दारात चिचोनं दंड धरला आणि आत ओढलं. मधल्या खुर्चीत बसवलं, आरशासमोर, टीव्ही आरशात दिसेल असं. मानेला फडकं बांधलं.

“चिचो, शेवटचा सामना आहे. डोकं ठिकाणावर आहे ना?”

“केस वाढलेत तुझे.”

“सामन्याला तू कात्री धरत नाहीस.”

“आज धरतो. बस रे बाळा.”

बाळा! चिचोच्या तोंडून मी आजवर फुकू, माशा आणि त्याहून वाईट ऐकलंय.

मागे वळून दॉन तातिकोला म्हटलं, “तुम्ही तरी सांगा याला. मी आत असताना खेळतायत, हरतील ना.” म्हातारा म्हणाला, “हरू देत.” वयाच्या सातव्या वर्षापासून पेलिकनचा माणूस. हरू देत म्हणाला.

मला काय वाटलं लिहू? मला बरं वाटलं. वाटलं, झाली यांना लाज. खेळापेक्षा माणूस मोठा, कळलं यांना एकदाचं. आत ऊब होती. आरशात सगळं उलटं दिसत होतं, आमचे पोरगे उलट्या बाजूनं धावत होते, तरी पहिल्यांदाच या हंगामात अख्खा चेंडू बघितला.

सातव्या डावापर्यंत पुढे. आठव्यात त्यांच्या चार धावा. हरलो, ६-४. संपलं सगळं, हंगाम, मालिका, सगळं.

मी डोकं खाली घालून बसलो. आता शिव्या येणार. शिव्या तर यायलाच हव्यात, मी आत होतो. आल्या नाहीत. म्हणून मीच सुरू केलं, “घ्या! बसवा अजून आत! काढलं असतं बाहेर तर हरलो नसतो, हो की नाही, दॉन तातिको?”

कोणी हसलं नाही. कोणी ओरडलं नाही. चिचोनं शेवटचा खेळाडू बाद होताच टीव्ही बंद केला होता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आरशात बघितलं तर म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याला टक्कल आहे हे मला ठाऊक नव्हतं.

फुकू आत बसला, आम्ही हरलो, आणि मला कोणीच शिवी दिली नाही.

तेव्हा मला कळलं. काय ते नाही, पण कळलं.

“घरी फोन लाव,” चिचो म्हणाला. फडकं सोडायचं तो विसरला.

२१ जानेवारी

यानेलीनं पहिल्याच घंटीला उचलला. मागे मांडव उतरवत होते. खुर्च्या एकात एक घालत होते.

टाचेची जखम चिघळली, पाय कापला होता. डावा, गुडघ्याखाली. सणाच्या दिवशी ती दवाखान्यातच होती. पापानंच बजावलं होतं, त्याला सांगू नका, विमान पकडून येईल गाढव, आणि परत जाता येणार नाही त्याला.

“मग नंतर?” म्हटलं. “नंतर का नाही सांगितलंस? मयताचा नऊ दिवसांचा जप झाला, अख्खं गाव कॉफी पिऊन गेलं!”

“नंतरही आला असतास. ओळखत नाही का मी तुला?”

“आलो असतो! मग?”

“मग काय? बोलोच्या दुकानासमोर बसला असतास जन्मभर, पापाच्या वाटचंही. जप संपला की सांगणार होते. मेल्या माणसासाठी मी जिवंत माणूस घालवू?”

“आणि चिचोला सांगितलंस.”

“चिचोला बोलोनं सांगितलं. मी फक्त म्हटलं, त्याला एकटा ठेवू नका.”

मग मी तो प्रश्न विचारला. माझं नाव काढलं का?

यानेली रडायची थांबली. ती खोटं बोलणार होती, मला दिसलं, आणि मग बोलली नाही.

“काढलं. रेडिओ उशाशी होता. ताप चढला होता, पण स्कोअर नीट विचारत होते. आठव्या डावात म्हणाले, विल्किनला लाव. मी फोन हातात घेतला, विल्की, शपथ. तर म्हणाले, थांब, थांब. आपण दोनानं पुढे आहोत. नववा डाव संपू दे, मग लाव.”

“मग?”

“नवव्यात दोघं बाद झाले, शेवटचा एक राहिला होता, तोवर होते.”

रस्त्यावरून कोणीतरी खुर्च्या ट्रकमध्ये टाकत होतं, त्याचाच आवाज येत राहिला.

बुटाचं काय केलं विचारलं. मलाच कळेना का विचारतोय.

“घातला त्यांना,” यानेली म्हणाली. “उजवा पाय होता. उजवाच बूट होता.”

२४ जानेवारी

अंतिम मालिका सुरू झाली, राजधानीवाले आणि डोंगरवाले. कारखान्याच्या व्हॅनमध्ये कोणीतरी रेडिओ लावला, चिचोच्या ओळखीचा होता बहुतेक, माझ्याकडे बघून बंद केला. म्हटलं, लाव की, मला काय त्याचं.

दॉन तातिको काल कारखान्याच्या फाटकापाशी येऊन उभा होता. एवढ्या लांब, दोन बस बदलून, टोपी न घालता. म्हणाला, पुढच्या हंगामात तू आत बसायचंस, माझ्या शेजारी. मी म्हटलं, पुढच्या हंगामात कोणी फोनवर नसणार, आत काय आणि बाहेर काय. तो डोक्यावर नसलेली टोपी सारखी करायला गेला. जिंकत होतो तेव्हा किती बोलायचा.

चर्चच्या बाईंनी विचारलं, रोज लिहितोस ना? दाखव. दाखवलं नाही.

अकरा तारखेचं पान काढून वाचलं. माझंच अक्षर आहे. दोन धावांनी पुढे होतो, बोट पापाच्या नावावर होतं, असं लिहिलंय. इतकी अक्कल मलाही आहे, असं लिहिलंय. खाली लिहिलंय, पाय गारठले, पण जिंकलो.